होडीला भोक

होडीला भोक मुद्दाम पाडायचं असतं, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत उलटी होती. लहानपणी कऱ्हाडला संगमावर नावाडी होडी पालथी घालून तिच्या बुडाला डांबर फासताना दिसायचे. म्हणजे भोक ही बुजवायची गोष्ट आहे, एवढं ज्ञान पाणी न चाखताही मला झालेलं होतं. आणि आता मी स्वतःच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या बोटीच्या पिछाडीखाली, हातात ड्रिल घेऊन उताणा पडलो होतो. पायांशी उभे असलेले सासरेबुवा विचारत होते, "जावईबापू, ही तुम्ही चालवायला घेतली की बुडवायला?"

आमचं गाव हंट्सव्हिल, राज्य अलाबामा. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटची आखणी या गावात झाली. त्यामुळे इथल्या निवृत्त माणसांपुढे स्क्रू या विषयावर बोलताना जपावं लागतं. आमचे शेजारी त्यांतलेच. सगळी नोकरी रॉकेटच्या कुठल्याशा झडपेवर काम करण्यात गेली, आता उरलेलं आयुष्य मासे पकडण्यात जातंय. पकडतात आणि परत पाण्यात सोडतात. या सोडण्यावरून आमच्या घरी जो प्रसंग उद्भवला तो यथावकाश येईल.

गावापासून पाऊण तासावर गंटर्सव्हिलचा जलाशय आहे. टेनेसी नदीवरचं धरण १९३९ साली पुरं झालं आणि सुमारे ६९ हजार एकरांवर पाणी पसरलं. त्या पाण्यात आता पाणवनस्पतींची जंगलं आहेत आणि जंगलांत बास नावाचा मासा आहे. हिरवट अंगाचा, मोठ्या तोंडाचा, स्वभावानं आमच्या सोसायटीच्या जुन्या चेअरमनसारखा: जागेवरून हलायचं नाही आणि जवळ कोण आलं की अंगावर जायचं. हा मासा पकडायची सगळ्यांत मोठी स्पर्धा, बासमास्टर क्लासिक, आमच्या तळ्यावर १९७६, २०१४ आणि २०२० अशी तीनदा झाली. गंटर्सव्हिलजवळ राहून बोट नसणं म्हणजे पंढरपुरात राहून तुळशीमाळ नसणं, असं शेजारी म्हणाले. म्हणजे ते त्यांच्या भाषेत काहीतरी दुसरं म्हणाले, पण अर्थ तोच.

बास बोट न पाहिलेल्यांसाठी सांगतो. वीस फूट लांब, फायबरची, रंगात अशी चमकी मिसळलेली की लग्नातला शालू उन्हात वाळत घातलाय असं वाटावं. आत गालिचा. हो, मासे पकडायच्या बोटीत गालिचा. मागे दोनशे घोड्यांचं इंजिन आणि पुढे नाळेवर बॅटरीवर चालणारी एक चिमुकली मोटर. दोनशे घोडे तुम्हाला दहा मिनिटांत तळ्याच्या पलीकडे फेकतात. नंतरचे आठ तास ती चिमुकली मोटर तुम्हाला मुंगीच्या पावलांनी एका बुडालेल्या ओंडक्याभोवती फिरवते. घोडे तेव्हा झोपलेले असतात. हप्ते मात्र घोड्यांचेच असतात.

माझी बोट जुनी घेतलेली. आधीच्या मालकानं आतल्या बाजूनं, बुडाच्या फायबरला एपॉक्सीनं एक ट्रान्सड्यूसर चिकटवून ठेवला होता. भोक नाही, गळती नाही. फायबर भरीव असेल आणि गोंदात हवेचा बुडबुडा राहिला नसेल तर आवाज बुडातून आरपार जातो आणि खोली कळते. माझ्या पडद्यावर दिवसभर एक आकडा दिसायचा: १४.२. मग १४.३. मग परत १४.२. मी त्यावर समाधानी होतो. तोंडी लावायला दुसरं काही पाहिलेलंच नसतं तोवर पिठलं बरंच लागतं.

एका रविवारी शेजाऱ्यांनी मला त्यांच्या बोटीवर नेलं आणि त्यांच्या पडद्यावर मी पाण्याखालचं झाड पाहिलं. फांद्या मोजता येत होत्या. त्याच्या उजवीकडे धरण व्हायच्या आधीच्या रस्त्याची कड होती. "साइड इमेजिंग," ते म्हणाले. दोन्ही बाजूंना पातळ चकतीसारखा आवाज फेकतात आणि बोट पुढे जाईल तसतसं चित्र विणत जातात. पण ते बुडाच्या आतून होत नाही. ट्रान्सड्यूसर बाहेर, पाण्यात हवा, आणि त्याला दोन्हीकडचं मोकळं दिसायला हवं. घरी आल्यावर मी माझ्या १४.२ कडे पाहिलं. आमच्या सौभाग्यवतींनी माझा चेहरा पाहिला आणि किती डॉलर, एवढंच विचारलं.

ट्रान्सड्यूसर ही वस्तू दिसायला काही नाही. धुण्याच्या साबणाच्या वडीएवढा काळा तुकडा आणि त्याला वीस फूट शेपूट. आत एक स्फटिकासारखा पदार्थ असतो. वीज दिली की तो थरथरतो आणि त्याला कुणी हलवलं की तो वीज देतो. क्युरी बंधूंनी स्फटिकांचा हा गुण १८८० साली शोधला, तेव्हा अलाबामातला बास त्यांच्या डोळ्यांपुढे नसावा. म्हणजे ट्रान्सड्यूसर हा एकच प्राणी ओरडतो आणि ओरडून झालं की गप्प बसून ऐकतो. माणसांत हे दुर्मीळ आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त. तीस फूट खाली तळाला टक्कर मारून परत यायला त्याला सेकंदाचे बारा हजारांश पुरतात. मी जेवायला हाक मारल्यापासून चिरंजीवांचा प्रतिध्वनी यायला पंधरा मिनिटं लागतात, आणि मध्ये पाणीही नसतं.

जपानात नागासाकीला फुरुनो बंधूंनी १९४८ साली या तत्त्वावर मासे शोधायचं यंत्र बाजारात आणलं. अमेरिकेत १९५७ साली कार्ल लोरन्स आणि त्यांच्या मुलांनी ते हौशी गळवाल्याच्या बोटीत बसेल एवढं केलं. पुढे निघालेली त्यांची हिरवी पेटी इथल्या म्हाताऱ्यांना अजून आठवते, जशी आपल्याकडे मर्फी रेडिओ आठवतो. १९७१ मध्ये आमच्याच राज्यातल्या युफॉला गावी हमिनबर्ड ही अशीच यंत्रं बनवणारी कंपनी सुरू झाली. एवढा इतिहास शेजाऱ्यांनी मला सांगितला तो माझी बोट पाहत पाहत, आणि शेवटी म्हणाले, "खरा प्रश्न एकच आहे. लावणार कुठे?"

या प्रश्नाची खोली त्या जलाशयाला नाही.

या यंत्राचं एकच वैर आहे, हवेशी. पाण्यातून जाणाऱ्या आवाजाला हवेचा बुडबुडा भेटला की तो भिंतीवर आपटावा तसा परत फिरतो. मासा पडद्यावर दिसतो तोही बराचसा त्याच्या पोटात हवेची पिशवी असते म्हणून. म्हणजे माशाच्या पोटातली हवा दिसावी यासाठी तुमच्या बोटीखाली हवा असता कामा नये. आणि धावणाऱ्या बोटीखाली हवेशिवाय दुसरं काय असतं? म्हणून मी पेन्सिल आणि पट्टी घेऊन बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, नको त्या जागा खोडायला बसलो. पंख्यापासून पंधरा इंच दूर हवा. तेवढा मधला भाग गेला. पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, डाव्या बाजूला पाती पाणी वर उपसतात. डावी बाजू गेली. बुडाला लांबीभर ज्या उंच पट्ट्या असतात त्यांच्या मागे पाणी घुसळतं; त्या गेल्या. फार कडेला गेलं तर बोट वेगात आल्यावर ती कड पाण्याबाहेर निघते, कड गेली. आता उजवीकडे हातभर जागा उरली. तिथे बरोबर ट्रेलरची फळी येत होती. बोट ट्रेलरवर चढताना त्या फळीनं ट्रान्सड्यूसरची चटणी केली असती.

पत्रिका जुळवताना शेवटी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नाडी आहे, मंगळ आहे, गोत्र एक आहे, पण मुलगा चांगला आहे. आम्हीही ट्रेलरची फळी दोन इंच सरकवून शांत करून घेतली.

याच सुमारास सासरेबुवा सहा महिन्यांच्या व्हिसावर आले. ते मालवणचे. पोस्टात नोकरी झाली, पण घर किनाऱ्याला लागून. लहानपणापासून रापण ओढायला हात लावलेला. रापणीचा कायदा त्यांच्या रक्तात आहे: दोर ओढला त्याला वाटा. जाळं कुणाचं, होडी कुणाची हे नंतर; ज्यानं किनाऱ्यावर पाय रोवून दोर ओढला त्याच्या हातावर चार मासे पडलेच पाहिजेत. अमेरिकेत आल्यावर पहिले आठ दिवस ते खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसले होते. जावयानं गॅरेजमध्ये होडी ठेवली आहे आणि तिला भोक पाडतोय म्हटल्यावर त्यांचा मुक्काम खिडकीतून गॅरेजमध्ये हलला.

भोकाचं शास्त्र शेजाऱ्यांनी दिलं होतं. ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे पातं जास्त आत जाणार नाही. वरचा चकचकीत थर, जेलकोट, तडकू नये म्हणून सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवायचं. भोकाचं तोंड थोडं रुंद करायचं. मग भोकात सीलंट भरायचं आणि स्टेनलेस स्क्रू हलक्या हातानं. जुन्या बोटींच्या ट्रान्सममध्ये फायबरच्या आत लाकूड असतं. एका सैल स्क्रूतून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजत जातं आणि बाहेरून शालू तसाच चमकतो. हे ऐकल्यापासून मला झोप नव्हती. मी चिकटपट्टी लावली, ड्रिल उलटं फिरवलं, श्वास रोखला. लाकडाचा भुसा चष्म्यावर पडला. कोरडा होता. कोरडा भुसा पाहून मला जो आनंद झाला तो दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

चार भोकं पाडून झाल्यावर शेजारी कॉफी घेऊन आले. म्हणाले, "बाकी तू प्लॅस्टिकची पाटी का नाही लावलीस?" कसली पाटी? तर ट्रान्समवर आधी एक जाड प्लॅस्टिकची पाटी गोंदानं कायमची चिकटवायची आणि सगळे स्क्रू त्या पाटीत मारायचे. बोटीला एकही भोक पडत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. रॉकेटवाल्यांची उलटी गिनती शून्यावर येऊन रॉकेट सुटलं की मगच ते सूचना देत असावेत.

सीलंटचे दोन प्रकार मिळतात: एक पुढेमागे सोडवता येणारा, दुसरा जन्मोजन्मीचा. मी दुसरा आणला होता. तो पांढरा असतो आणि त्याचं काम चिकटणं हे असल्यानं तो ते मनापासून करतो. ट्रान्सड्यूसरच्या चार स्क्रूंना मी तो लावला. त्याशिवाय तो ड्रिलला, गॅरेजच्या दाराला, फ्रिजच्या मुठीला, सासरेबुवांच्या लेंग्याला आणि कुत्र्याच्या एका कानाला लागला. फ्रिजच्या मुठीवर माझा अंगठा आजही आहे, सातबाऱ्यावर असावा तसा.

आता वायर. खरं तर इथपर्यंतची हकीकत ही प्रस्तावना होती.

ट्रान्सड्यूसरची शेपूट बोटीच्या मागून मधल्या सुकाणूच्या खोक्यापर्यंत न्यायची. अंतर जेमतेम दहा फूट. बोटीच्या पोटातून त्यासाठी एक नळी गेलेली असते. कारखान्यात ती मोकळी असते; माझ्याकडे येईपर्यंत आधीच्या मालकानं तिच्यातून इतक्या वायरी नेल्या होत्या की गणपतीच्या गर्दीत दादर स्टेशनचा जिना बरा. वायर सडपातळ आहे, पण तिच्या टोकाला कारखान्यातच बसवलेला जाड कनेक्टर आहे. तो कापायचा नाही, अशी पुस्तकात ताकीद. शेपूट तोडून परत जोडली तर आवाजात खोट येते. म्हणजे उंटाला सुईच्या नेढ्यातून न्यायचं आणि उंटाच्या अंगावर ओरखडा उठता कामा नये.

नळीतून वायर ओढायला इथले वायरमन एक लवचीक पोलादी पट्टी वापरतात. तिला म्हणतात 'फिश टेप', आणि या कामाला म्हणतात वायर 'फिश' करणं. त्या अर्थानं मी त्या शनिवारी साडेचार तास मासेमारी केली. गळाला जे लागलं ते असं: एक कुजकं पान, आधीच्या मालकाचा पाना, आणि एक पिवळी वायर, जिचं दुसरं टोक कुठेच नव्हतं. ती अजून आहे. ती कापली तर काय बंद पडेल हे कुणालाच माहीत नसल्यानं तिला कुणी हात लावत नाही. प्रत्येक कार्यालयात असा एक जण असतोच.

मी मागच्या कप्प्यात कमरेपर्यंत उलटा, तोंडात टॉर्च, आणि सासरेबुवा पुढे सुकाणूपाशी वायरीच्या टोकाला बांधलेला दोर धरून. मी इकडून कनेक्टर साबणाचं पाणी लावून ढकलायचा आणि "ओढा!" म्हणायचं. त्यांनी दोन्ही पाय रोवले आणि रापणीचा ठेका धरला. सहाव्या हिसक्याला अडलेलं काहीतरी सुटलं आणि शेपूट सरसरत निघून गेली. तिच्यासोबत माझं घड्याळही नळीत जाता जाता राहिलं. वर आलो तर सासरेबुवा वायर हातावर गुंडाळत होते, कपाळावर घाम, डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं तेज. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून चहा मागितला.

तेवढ्यात शेजारी आलेच. "वायरीबरोबर एक नवा दोरही ओढून ठेवलात ना नळीत? पुढच्या वेळी लागतो." मी म्हटलं, पुढची वेळ येणार नाही. ते काही बोलले नाहीत. सासरेबुवांनी मात्र वायर परत अर्धी बाहेर काढायला लावली, खिशातून सुतळीचं बंडल काढलं (हे त्यांच्या खिशात मालवणहून आलं होतं), गाठ मारली आणि परत ओढली. आता नळीत एक बेवारस सुतळी कायमची झोपली आहे.

विजेचं त्यामानानं लवकर आटपलं, कारण तिथे मी आधी सगळं चुकीचं करून घेतलं. सुकाणूपाशी फ्यूजची जुनी पाटी होती, तिला वायर जोडली. इंजिन सुरू केलं की पडदा विझून परत उजळायचा: दोनशे घोडे उठताना बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो आणि बारीक वायरीतून यंत्रापर्यंत पोचेपर्यंत आणखी गळतो. उपाय असा की थेट बॅटरीपासून जाड, कथील चढवलेली वेगळी वायर आणायची आणि तिच्यावर स्वतःचा फ्यूज. इथे वायरीची जाडी सांगायचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. दहा नंबरची चौदा नंबरपेक्षा जाड. दुकानात मी मोठ्या ऐटीत मोठ्या नंबरची मागितली होती.

आणि मग माझा नीटनेटकेपणा नडला. सगळ्या वायरी मी एकत्र, समांतर, दर चार इंचांवर झिप टाय मारून अशा बांधल्या की पाहुण्यांना कप्पा उघडून दाखवावा. पाण्यात गेलो, पुढची चिमुकली मोटर चालू केली आणि पडद्यावर श्रावण सुरू झाला. वरून खालपर्यंत रिमझिम ठिपके. मोटर बंद, ऊन. चालू, पाऊस. ती मोटर वीज तुकड्यातुकड्यांनी घेते आणि तिच्या जाड वायरीला मी ऐकणाऱ्याची शेपूट गळ्यात गळा घालून बांधली होती. घरी येऊन एकतीस झिप टाय कापले आणि दोघांना बोटीच्या दोन कडांना वेगळं ठेवलं. पाऊस थांबला. आमच्या वाड्यात दोन जावांचं असंच मिटवलं होतं.

पहिल्या वेगाच्या फेरीचं सांगायचं राहिलं. फायबरच्या बोटीला ट्रान्सड्यूसरचा तळवा बुडापेक्षा एक अष्टमांश इंच खाली असावा लागतो. मी सुरक्षितता म्हणून जरा जास्त ठेवला होता. तीस मैलांचा वेग येताच बोटीमागे पाण्याचा असा फवारा उठला की धुळवडीची पिचकारी लाजावी. तो इंजिनावरून वळून मागे बसलेल्या सासरेबुवांच्या डोक्यावर पडत होता. ते ओरडत होते, मला वाटलं मजा येतेय म्हणून. परत येऊन तो वर सरकवला. आता फवारा गेला, पण वेगात पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या तीन रेघा. बुडबुड्यांत गेला. परत खाली, केसभर. त्या दिवशी धक्क्याच्या उतारावरून बोट पाच वेळा पाण्यात गेली आणि पाच वेळा बाहेर आली. मागे रांगेतल्या एका माणसानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, तिला पोहायला शिकवताय का?

शेवटी ते जमलं. सकाळी सात वाजता, धुकं उठत असताना, खाडीच्या तोंडाशी आम्ही उभे होतो आणि पडद्यावर तळ, तळावरचं गवत, गवतावर कमानी. मासा आवाजाच्या शंकूत शिरतो तेव्हा दूर असतो, मध्ये जवळ येतो, जाताना परत दूर. म्हणून त्याची कमान उमटते. मी सासरेबुवांना समजावलं की हे पाण्याखालचं छायाचित्र नव्हे. फक्त उजव्या कडेची उभी रेघ म्हणजे आत्ता. बाकी सगळं डावीकडे सरकत जाणारं, होऊन गेलेलं.

त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे हे डावीकडचे मासे आता तिथे नाहीत?"

"असतील किंवा नसतील."

"म्हणजे शिळे." बाजारात कल्ले उचलून पाहणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. "ताजे फक्त उजवीकडचे."

आणि तिथून त्या माणसाचं बिनसलं. मला वाटलं होतं ते पडद्याला हसतील, पाण्याचा रंग आणि पक्षी बघून मासा कुठे आहे ते सांगतील, मी खजील होईन आणि घरी येऊन हे सगळं सौभाग्यवतींना सांगेन. झालं उलटंच. सासरेबुवांनी गळ हातात घेतलाच नाही. पडद्यासमोरची खुर्ची धरली ती दुपारी दोनपर्यंत सोडली नाही. "ताजा आला. गेला. परत ताजा. जावईबापू, जरा डावीकडे घ्या, तिथे घर दिसतंय." घर नव्हतं, जुन्या पुलाचा कठडा होता. मोरी, म्हणजे शार्क, दिसेल का, असं त्यांनी विचारलं. मोरीला पोटात हवेची पिशवीच नसते, ती धड दिसायची नाही, म्हटल्यावर त्यांना यंत्रात काहीतरी उणीव असल्यासारखं वाटलं. गंटर्सव्हिलला मोरी नाही, समुद्र चार-पाचशे किलोमीटर लांब आहे, हे त्यांना पटलं तरी.

मासे कमानी करून जात होते आणि माझ्या गळाकडे ढुंकून बघत नव्हते. यंत्र मासा कुठे आहे ते सांगतं. त्याला भूक आहे का, हे सांगणारा ट्रान्सड्यूसर निघायचा आहे. दोनच्या सुमारास एकाला लागली. तीन पौंडांचा असावा. ओढला, उचलला, ओल्या हातानं धरला, फोटो काढला आणि पाण्यात सोडला.

बोटीवर शांतता पसरली.

स्पर्धेतले मासे जिवंत सोडायचा पायंडा रे स्कॉट या गृहस्थांनी १९७२ साली पाडला आणि तेव्हापासून इथे बास सोडणं हा धर्म झाला आहे, वगैरे मी सांगू लागलो. सासरेबुवा पाण्यातल्या त्या जागेकडे बघत होते. इतके दिवस माझ्याशी अहो-जाहो करत पुस्तकी मराठी बोलणारा माणूस अस्सल मालवणीत म्हणाला, "आणि माझो वाटो खंय?"

दोर त्यांनी ओढला होता. कायद्यानं बरोबर होतं. येताना दुकानातून गोठवलेला कॅटफिश घेतला. सौभाग्यवतींनी त्याला तिरफळं घालून बराच मासा केला. सासरेबुवा जेवले, पण बोलले नाहीत.

ऑक्टोबरात ते परत गेले. रविवारी व्हिडिओ कॉल असतो. पहिली पाच मिनिटं मुलीशी तब्येत आणि पाऊस, मग फोन माझ्याकडे. मागच्या रविवारी त्यांनी विषय काढला तो लाइव्ह सोनारचा. काही वर्षांपासून निघालाय म्हणे. नाळेवरच्या मोटरीला लावायचा, समोर रोखायचा, आणि मासा हलेल तसा त्याच क्षणी पडद्यावर हलतो. शिळं काही नाही. सगळं ताजं.

मी म्हटलं, बाबा, त्यावरून इथे भांडणं चालू आहेत. एवढं दिसायला लागल्यावर मासेमारी ती काय राहिली, असं लोक म्हणतात. बासमास्टरच्या वरच्या स्पर्धेत २०२५ साली एका बोटीला एकच लाइव्ह ट्रान्सड्यूसर, असा नियम केला.

"म्हणजे एक चालतो," ते म्हणाले.

त्यांच्या मागे ओटीवर कुणीतरी जाळं विणत बसलं होतं, समुद्राचा आवाज येत होता. ते फोनच्या इतके जवळ आले की नुसतं कपाळ दिसायला लागलं.

"सुतळी आहे ना अजून नळीत?"